६पीपीडी

६पीपीडी हे पॅरा-फिनिलीनडायअमाइन गटातले ॲरोमॅटिक अमाइन आहे. रबराचे, मुख्यतः टायरचे, ऑक्सिजन आणि ओझोनपासून रक्षण करण्यासाठी ते वापरतात. त्याच्या रेणूत कार्बनचे १८, हायड्रोजनचे २४ आणि नायट्रोजनचे २ अणू असतात. ४-अमिनोडायफिनिलअमाइन आणि मिथिल आयसोब्युटिल कीटोन यांची हायड्रोजन व उत्प्रेरकाच्या साहाय्याने अभिक्रिया घडवून ते तयार करतात. भारतात नोसिल कंपनी ते ‘पिलफ्लेक्स १३’ या नावाने विकते.

टायरमधील नैसर्गिक रबर आणि ब्युटाडाइनजन्य रबरे यांच्या साखळ्यांमध्ये दुहेरी बंध असतात. हवेतला ओझोन अत्यल्प असला तरी हे बंध तोडतो आणि ताणाच्या दिशेला काटकोनात भेगा पडतात. उभ्या गाडीच्या टायरवर मेणाचा थर पुरतो, पण चाक फिरू लागले की सतत वाकण्याने तो थर फुटतो. ६पीपीडीचे खरे काम तिथे सुरू होते. ते रबराच्या आतून हळूहळू पृष्ठभागाकडे सरकते, रबराच्या आधी स्वतः ओझोनशी संयोग पावते आणि तयार झालेल्या पदार्थांचा पातळ थर वर राहतो. आतला साठा असेतोवर हे चालू राहते. टायरमध्ये त्याचे प्रमाण साधारण ०.४ ते २ टक्के असते. त्याचे तपकिरी डाग पडतात, म्हणून ते काळ्या रबरातच चालते.

ओझोनशी होणाऱ्या याच अभिक्रियेतून ६पीपीडी-क्विनोन हे विषारी संयुग तयार होते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पाऊस पडला की समुद्रातून शहरी ओढ्यांत परतलेले कोहो सामन मासे अंडी घालण्याआधीच मरत. काही ओढ्यांत ४० ते ९० टक्के मासे असे जात. रस्त्यावरचे पाणी घातक आहे हे कळले होते; त्यातला नेमका कोणता पदार्थ, हे शोधायला अनेक वर्षे लागली. झेन्यू तियान, एडवर्ड कोलोजिएज, जेनिफर मॅकइन्टायर आणि सहकाऱ्यांनी टायरच्या भुग्याच्या अर्काचे भाग पाडत दोन हजारांहून अधिक रसायनांतून एकच उरवले. त्याचे अणुसूत्र कोणत्याही ज्ञात प्रदूषकाशी जुळत नव्हते. ६पीपीडीतून दोन हायड्रोजन गेले आणि दोन ऑक्सिजन आले, असे धरल्यावर मात्र ते तंतोतंत बसले. हे संशोधन डिसेंबर २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये आले. पर्यावरणीय रसायनशास्त्रातला इतका चिकाटीचा शोध विरळाच. निम्मे कोहो मारणारी ६पीपीडी-क्विनोनची मात्रा २०२२ मध्ये सुधारून लिटरला सुमारे ९५ नॅनोग्रॅम ठरवण्यात आली. त्याच कुळातला चम सामन मात्र हे विष सहन करतो.

ऑक्टोबर २०२३ पासून कॅलिफोर्नियाने ६पीपीडीयुक्त टायर ‘प्राधान्य उत्पादन’ ठरवून उत्पादकांना पर्याय तपासणे बंधनकारक केले. त्याच वर्षी युरोक, पुयालप आणि पोर्ट गॅम्बल स्क्लॅलम या आदिवासी समुदायांच्या अर्जावर अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेने नियमनाचा विचार करण्याचे मान्य केले. सामन हा या समुदायांच्या अन्नाचा आणि करारांनी मिळालेल्या मासेमारीच्या हक्कांचा आधार आहे, हे इथे विसरता येत नाही. पर्याय शोधणे अवघड आहे, कारण टायर तडकला तर प्रश्न माणसांच्या जिवाचा असतो आणि नात्यातली इतर पॅरा-फिनिलीनडायअमाइनेही ओझोनमुळे आपापली क्विनोने देतात. तोवर रस्त्याचे पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरांतून झिरपवून ओढ्यात सोडणे हा उपाय आहे. असे गाळलेले पाणी प्रयोगांत कोहोंना घातक ठरले नाही.