लाल जोते, पांढरी भिंत : नाशिकच्या घरांच्या रंगांची पार्श्वभूमी

दसरा उलटला की नाशिकच्या रंगाच्या दुकानांत शेडकार्डावर दोन डोकी एकत्र येतात. एकाला दर्शनी भिंत ठसठशीत लाल हवी असते, दुसऱ्याला दुधाळ, मऊ पांढरी. दुकानदार दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरतो आणि म्हणतो, एक काहीतरी ठरवा. ही निवड आपल्याला जुनीपुराणी वाटते, पण ती गेल्या तीसेक वर्षांतली आहे. त्याआधी कित्येक पिढ्या लाल आणि पांढरा एकाच भिंतीवर सुखाने नांदत होते; लाल खाली, पांढरा वर. ही वाटणी पावसाने, मातीने आणि हाताशी मिळणाऱ्या मालाने ठरवलेली होती. ती कशी मोडली हे ठाऊक असेल तर आजचा निर्णय सोपा होतो, म्हणून हा सगळा मागोवा.

आधी पांढरा. नाशिक वसले आहे दख्खनच्या काळ्या पाषाणावर. काळाराम मंदिरापासून गोदाघाटाच्या पायऱ्यांपर्यंत सगळीकडे तोच दगड दिसतो. या खडकात चुनखडीचे थर नाहीत. पण काळ्या मातीत आणि ओढ्या-नाल्यांच्या काठांत चुनखडीचे वेडेवाकडे खडे सापडतात. ते वेचायचे आणि भट्टीत भाजायचे. साधारण ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास खड्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते. तिच्यावर पाणी ओतले की ती चरचरते, उकळते, फुलते. हाच विरी गेलेला चुना. बांधकामाला लागणारा चुना वाळू घालून बैलाच्या घाणीत मळला जाई. भिंतीला मारायचा चुना मात्र पातळ करून फडक्यातून गाळत. पिवळट झाक मारण्यासाठी त्यात चिमूटभर नीळ पडे आणि हाताला लागू नये म्हणून डिंक किंवा सरस.

चुन्याचे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना एक गोष्ट नक्की आठवेल. कुंचा फिरतो तेव्हा भिंत पांढरी होतच नाही. ओला चुना करडा आणि जवळजवळ पारदर्शक दिसतो, खालचे डाग तसेच राहतात, आणि नवखा माणूस घाबरून आणखी जाड हात मारतो. जुना रंगारी तसे करत नाही. पातळ हात देऊन तो दुसऱ्या भिंतीकडे वळतो. पाणी उडून जाते तशी भिंत उजळत जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपोआप पांढरी झालेली असते. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना पुन्हा चुनखडी बनतो, म्हणजे भिंतीवर दगडाचाच एक पातळ पापुद्रा चढतो. जाड हात दिला की तोच पापुद्रा तडकून पोपडे धरतो.

चुन्याला आरोग्याचेही कारण होते. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असतो. बुरशी आणि जंतू त्यात तग धरत नाहीत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी तो नाशिक जिल्ह्यातही पसरला. त्या काळात प्लेगची घरे रिकामी करणे, धुणे आणि आतून चुना मारणे हा सरकारी उपायांचा भाग होता. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, त्यामुळे चुन्याने तो कितपत थांबला असेल याबद्दल मला शंका आहे. पण पांढरी भिंत म्हणजे स्वच्छ घर हे समीकरण त्या भीतीच्या वर्षांत आणखी घट्ट झाले असणार. दवाखाने, शाळा आणि धर्मशाळा पुढे दीर्घकाळ पांढऱ्याच राहिल्या.

आता लाल. घराचा जुना लाल म्हणजे गेरू, कोकणाकडे तोच काव. गेरूचा लालपणा लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे मूळ गंजाचाच. गंजलेले लोखंड आणखी गंजून वेगळे काय होणार? म्हणून गेरू उन्हाने विटत नाही, आणि चुन्याच्या तीव्रतेनेही बिघडत नाही. स्वस्त, टिकाऊ आणि चुन्याशी जमवून घेणारा असा दुसरा लाल रंग त्या काळी सामान्य घराच्या आवाक्यात नव्हता. देवाला लावतात तो शेंदूर वेगळा. परंपरेने तो शिशाचा ऑक्साइड, महाग आणि विषारी. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीवर पुराचे पाणी कुठपर्यंत चढले हे नाशिककर आजही पाहतात. त्याच्या अंगावरचा तो तेजस्वी शेंदरी रंग देवाचा. घराच्या वाट्याला गेरू आला.

तो लागायचा कुठे, तर जोत्याला, ओट्याच्या कडेला, उंबऱ्याला, तुळशीवृंदावनाला, चुलीभोवती. यामागचे कारण पावसाळ्यात एखाद्या कौलारू घरासमोर उभे राहिले तर डोळ्यांना दिसते. पागोळी जमिनीवर पडते, मातीचे शिंतोडे उडतात आणि भिंतीचा खालचा हात-दीड हात भाग चिखलाने माखतो. तिथे पांढरा टिकत नाही, गेरूवर मात्र ते डाग दिसतच नाहीत. शिवाय दर सणाला शेणाने सारवून त्यावर गेरूचा हात देणे घरच्या बायकांच्या हातचे काम होते, त्यासाठी कारागीर बोलवावा लागत नसे. वरच्या भिंतीला मात्र उजेड परतवणारा चुना हवा, कारण वाड्यांच्या खोल्या अंधाऱ्या आणि खिडक्या लहान. तिवंधा, भद्रकाली, जुनी तांबट आळी या भागांत जे वाडे अजून उभे आहेत, त्यांच्यात काळ्या दगडाचे जोते, सागवानी चौकट आणि वर चुन्याचा गिलावा हीच रचना आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेला, सुरगाणा आणि पेठकडे, वारली घरांत गेरूने रंगवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पांढरी चित्रे काढतात. लाल आणि पांढऱ्याची इतकी देखणी जोडी मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही, आणि तिथेही दोघांपैकी एकाला वगळण्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही.

इंग्रजी अमदानीत हीच जोडी सरकारी झाली. देवळाली कॅम्पसारख्या छावण्यांत रस्त्याकडेचे दगड आणि झाडांची खोडे गेरू-चुन्याच्या पट्ट्यांनी रंगू लागली, आणि सरकारी इमारतींच्या पांढऱ्या किंवा पिवळसर भिंतींना खाली लाल पट्टा आला. त्याच सुमारास लाल रंग छपरावरही चढला. १८६५ मध्ये मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने यंत्रावर कौले बनवायला सुरुवात केली. त्याच वर्षी थळघाटाचा, म्हणजे कसारा घाटाचा, लोहमार्ग खुला झाला आणि मुंबईचा माल रेल्वेने थेट वर नाशिककडे येऊ लागला. पुढच्या काळातल्या बंगल्यांवर मंगलोरी कौले आणि खाली पांढऱ्या भिंती हे चित्र रुळले. घरात लाल कोबाही आला. सिमेंटमध्ये लोहाचा लाल ऑक्साइड कालवून केलेली ती गुळगुळीत, पायाला गार लागणारी जमीन अजूनही काही जुन्या घरांत टिकून आहे.

डबाबंद रंगांचा इतिहास आपल्याकडे १९०२ पासून मोजता येतो; त्या साली कोलकात्यात शालिमार पेंट्स सुरू झाली. १९४२ मध्ये मुंबईत एशियन पेंट्स निघाली. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी काढलेला गट्टू, हातात ब्रश आणि डबा घेतलेला खोडकर पोरगा, घराघरात ओळखीचा झाला. पण सामान्य घराच्या भिंतीवर बराच काळ चुनाच होता. तेलरंग दारे-खिडक्यांपुरता, रेड ऑक्साइड ग्रिलच्या अस्तरापुरता. भिंतीवर पहिले आक्रमण केले आतून डिस्टेंपरने आणि बाहेरून सिमेंटच्या रंगाने, ज्याला सगळे सरसकट स्नोसेमच म्हणत. हे रंग फिकट असत : मोतिया, बदामी, फिका हिरवा, फिका गुलाबी. पांढऱ्या सिमेंटमध्ये गडद लाल बसवणे कठीणच होते.

याच काळात पांढराही आतून बदलला. रंगाच्या डब्यातला जुना पांढरा शिशाचा होता. त्याची जागा टायटॅनियम डायऑक्साइडने घेतली. त्यातले टायटॅनियम हे मूलद्रव्य १७९१ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या काळ्या वाळूत ओळखले गेले, पण रंगद्रव्य म्हणून त्याच्या डायऑक्साइडचे उत्पादन पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झाले. आपल्याकडे केरळच्या किनाऱ्यावरच्या इल्मेनाइट वाळूपासून ते बनवण्यासाठी १९४६ मध्ये त्रावणकोर टायटॅनियमची स्थापना झाली. या पांढऱ्याची ताकद त्याच्या अपवर्तनांकात, म्हणजे प्रकाश वाकवण्याच्या क्षमतेत आहे. चुनखडीचा सुमारे १.६, याचा सुमारे २.७. त्यामुळे तो ओला असतानाही झाकतो आणि दोन हातांत जुना डाग गिळून टाकतो. शेडकार्डावरचा आजचा मऊ पांढरा म्हणजे याच पांढऱ्यात पिवळ्या, काळ्या किंवा लाल रंगद्रव्याचे थोडे थेंब. त्या थेंबांत लाल येतो तो बहुधा लोहाचाच, म्हणजे गेरूचा चुलतभाऊ.

नव्वदच्या दशकात दुकानांत रंग मिसळणारी यंत्रे आली आणि वाटणी मोडली. शेकडो छटा, हव्या त्या डब्यात, डोळ्यांसमोर. पहिल्यांदाच सबंध भिंत झगझगीत लाल करणे कोणालाही शक्य झाले. मात्र हा लाल म्हणजे गेरू नव्हे. तेजस्वी लाल हा सेंद्रिय रंगद्रव्यांचा असतो, आणि त्यांच्यात प्रत फार वेगवेगळी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचे स्वस्त लाल उन्हात विटतात, ताज्या गिलाव्याच्या अल्कामुळे बिघडतात. १९७४ मध्ये योगायोगाने सापडलेले आणि ऐंशीच्या दशकात बाजारात आलेले डीपीपी हे लाल रंगद्रव्य मोटारींवर वर्षानुवर्षे टिकते, पण ते महाग. शिवाय गडद लाल पांढऱ्या बेसमध्ये, म्हणजे छटा मिसळण्याआधीच्या मूळ रंगात, होत नाही, तिथे तो गुलाबी पडतो. त्यासाठी जवळजवळ पारदर्शक बेस लागतो, म्हणजेच झाकण्याची ताकद कमी. म्हणून तीन-चार हात लागतात, किंवा खाली करडे अथवा गुलाबी अस्तर. दुकानातली छोटी पट्टी यातले काहीच सांगत नाही.

नाशिकच्या हवेत हा हिशेब ठळक होतो. पांढरी भिंत दृश्य उजेडाचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग परतवते, गडद लाल जेमतेम १० ते १५ टक्के. लाल रंग उन्हातले अवरक्त किरण मात्र बऱ्यापैकी परतवतो, त्यामुळे तो काळ्याइतका तापत नाही. तरी एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेच्या भिंतीवर दुपारभर ऊन पडते तेव्हा आतल्या खोलीत फरक जाणवतो. पावसाळ्यात उलटे. उत्तरेच्या, सावलीतल्या पांढऱ्या भिंतीवर शेवाळाचे हिरवे-काळे ओघळ उठून दिसतात आणि रस्त्याकडेच्या पांढऱ्यावर काळ्या मातीची धूळ बसते.

माझा कौल सांगायचा तर पश्चिम आणि दक्षिण भिंतींना मऊ पांढरा, आणि लाल हवाच असेल तर तो जोत्याला, कमानीखाली किंवा सज्जाच्या सावलीत, तोही लोहाच्या ऑक्साइडचा, विटकरीकडे झुकणारा. झगझगीत लालाची हौस घरातल्या एका भिंतीवर भागवावी. तिथे ना ऊन, ना पाऊस. नव्या गिलाव्याला रंगाआधी महिनाभर तरी वाळू द्यावा, लाल असेल तर हे अधिकच गरजेचे.

जुना वाडा रंगवणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. चुन्याच्या भिंतीतून ओल बाहेर पडत राहते. गोदावरीचे पाणी सराफ बाजारात शिरते तेव्हा भिजलेल्या भिंती सुकतात त्या त्यामुळेच. तिच्यावर प्लॅस्टिकचा रंग चढवला की वाट बंद होते आणि दोन पावसाळ्यांत फुगे येतात, मग तो रंग लाल असो वा पांढरा. तिथे चुनाच पुन्हा मारावा. आणि चौकटी, गजांवरचे जुने तेलरंग कोरडे घासू नयेत. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) कायदेशीर मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत, विशेषतः चमकदार लाल-पिवळ्यात आणि जुन्या पांढऱ्यातही, शिसे असू शकते. पॉलिश पेपरने उडालेली ती धूळ लहान मुलांच्या पोटात जाते. ते थर पाण्याने ओले करूनच खरवडावेत, खाली प्लॅस्टिक अंथरावे आणि काम होईपर्यंत मुले, गरोदर बायका दुसरीकडे राहतील अशी सोय करावी.