वस्तुपाठातली वस्तू

'त्यांनी वस्तुपाठ घालून दिला' असं आपण आज कुणाच्याही आदर्श वागण्याबद्दल म्हणतो. शब्द मात्र शाळेतला आहे. वस्तू वर्गात आणायची, मुलांच्या हातात द्यायची आणि तिच्याविषयी मुलांनाच बोलू द्यायचं, हा वस्तुपाठ. कल्पना स्वित्झर्लंडच्या पेस्टालोझी (1746-1827) यांच्या विचारांतून निघाली. 1830 च्या सुमारास इंग्लंडमध्ये एलिझाबेथ मेयो यांनी अशा पाठांचं पुस्तक केलं. त्यातला पहिला पाठ काचेचा. चकचकीत आहे, आरपार दिसतं, पटकन फुटते, हे मुलांनी शोधायचं आणि शिक्षकाने त्या गुणांना नावं पुरवायची. पुढे झालं असं, की वर्गावर्गांतून ती नावंच पाठ करून घेतली जाऊ लागली. पारदर्शक, ठिसूळ. काच राहिली खिडकीला.

प्राथमिक शाळेतल्या विज्ञानाचा इतिहास बराचसा असाच आहे. वस्तू वर्गात येते आणि थोड्याच दिवसांत तिच्या जागी तिचं वर्णन येऊन बसतं.

नियोजनाचंही तेच. शिक्षकाने पाठाची आखणी लिहायची ती आपली टाचण वही दूरच्या जर्मनीचं नातं सांगते. हर्बार्ट (1776-1841) यांच्या विचारांवरून झिलर, राइन या अनुयायांनी पाठाच्या पाच पायऱ्या बसवल्या आणि अध्यापक विद्यालयांनी त्या उचलल्या. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन ही आपल्याकडची माळ त्याच कुळातली. 1956 मध्ये अमेरिकेत ब्लूम यांचं उद्दिष्टांचं वर्गीकरण आलं आणि वहीत 'उद्दिष्टे व स्पष्टीकरणे' हा आणखी एक रकाना वाढला.

डी.एड.ला, म्हणजे शिक्षक होण्याच्या अभ्यासक्रमाला असताना माझा एक सराव पाठ चौथीवर होता, बी रुजण्याचा. हेतुकथन लिहिलं होतं: 'आज आपण बीजांकुरण या घटकाचा अभ्यास करू या.' 'विद्यार्थी कृती'च्या रकान्यात मुलं काय उत्तर देतील तेही मीच लिहून ठेवलेलं. ओल्या फडक्यातली मोड आलेली मटकी फिरवली, तशी एक मुलगी म्हणाली, "बाई, भाजलेल्या शेंगदाण्याला येतील का मोड?" उत्तर शोधायला दोन ओली फडकी, कच्चे नि भाजलेले दाणे आणि दोन दिवस पुरले असते. माझ्याकडे पस्तीस मिनिटं होती आणि संकलनाचे प्रश्न उरले होते. 'छान प्रश्न' म्हणून मी पुढे गेले. वहीवर लाल शेरा आला: 'वेळेचे नियोजन हवे.'

दुसरी वाटही महाराष्ट्रातच होती. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. त्यानंतर झाकिर हुसेन समितीने नई तालीमचा, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याच्या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचा, अभ्यासक्रम आखला. टकळी नि कापूस सगळ्यांना आठवतात, पण त्यात सामान्य विज्ञानही होतं: निसर्ग, शरीर, आरोग्य, अगदी ताऱ्यांची ओळखसुद्धा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांच्या शिक्षणाचं काम केलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्याकडे कुरणात नेली. कुरणशाळेत पानं, किडे, दगड मुद्दाम वर्गात आणावे लागत नव्हते!

1974 मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. संस्थापक-संचालक वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी महापालिकेच्या शाळांत गेले, जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातही गेले. अडचण निव्वळ साहित्याची नाही, भाषेचीही आहे, हा त्यांचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. घरी 'मोड आले' म्हणणारं मूल शाळेत 'बीजांकुरण' ऐकतं आणि ही दुसरीच काही गोष्ट असावी असं धरून चालतं.

मग प्राथमिक शाळांना किमान सोयी देणारी केंद्र सरकारची 1987 ची खडू-फळा योजना. दोन खोल्या, दोन शिक्षक, फळा आणि सोबत विज्ञानाची पेटी. पेटी आली ती डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे शाळेच्या मालकीच्या वस्तूंच्या नोंदवहीवर चढली आणि कपाटात गेली. परीक्षानळी फुटली तर नोंद कशी दाखवायची? त्यापेक्षा कुलूप बरं. याला शिक्षकांचा आळस म्हणणं सोपं आहे, पण हिशेब देताना घाबरावं लागे तेही त्यांनाच. काच पुन्हा ठिसूळच निघाली, फक्त या वेळी मुलांच्या हातात न येताच.

प्राथमिक इयत्तांमध्ये विज्ञान सुटं न ठेवता ते परिसर अभ्यासातून शिकवावं, ही शिफारस 1975 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात होती आणि 2005 च्या आराखड्यानेही तिसरी ते पाचवीसाठी तेच धरलं. बालभारतीच्या 'परिसर अभ्यास भाग 1' मध्ये आज 'सांगा पाहू', 'करून पहा', 'जरा डोके चालवा' अशा चौकटी आहेत. चौकटी खरोखर चांगल्या आहेत. मात्र टाचण आता व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफमध्ये तयार मिळतं, घटक नियोजनासकट, अध्ययन निष्पत्ती (मुलाला शेवटी काय यायला हवं ते) भरलेली. परवा एक उघडून पाहिलं. साहित्याच्या रकान्यात छापलं होतं: 'परिसरातील वस्तू.'