डांबरी रस्त्यात प्लास्टिक : ‘पन्नास किलोमीटर’चा नियम आला कुठून?

‘प्लास्टिकचा रस्ता’ म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे प्लास्टिकच्या फरशा येतात. तसा रस्ताही जगात आहे. नेदरलँड्समधल्या झ्वोले गावात २०१८ साली पोकळ प्लास्टिकचे ठोकळे जोडून ३० मीटरचा सायकलमार्ग केला गेला. आपल्याकडे मात्र या नावाने ओळखला जातो तो नेहमीचा डांबरी रस्ताच, फक्त त्यात थोडं टाकाऊ प्लास्टिक मिसळलेलं. मोठ्या शहरांभोवती पन्नास किलोमीटरच्या आत ते मिसळणं २०१५ मध्ये सक्तीचं झालं, तोच हा नियम. एक टन हॉटमिक्समध्ये, म्हणजे खडी-डांबराच्या गरम मिश्रणात, डांबर साधारण पन्नास किलो, आणि प्लास्टिक त्या डांबराच्या सहा ते आठ टक्के, म्हणजे तीन-चार किलो. उरलेली सगळी खडी आणि कच. हा हिशेब बातमीत सहसा नसतो. तिथे ‘दहा लाख पिशव्या जिरवल्या’ असं असतं.

डांबरात पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचा पदार्थ, घालणं जुनंच. आपल्याकडे रबर किंवा पॉलिमर मिसळलेल्या ‘सुधारित डांबरा’ची नियमावली १९९९ मध्ये आली. पण तो माल कारखान्यातून तयार होऊन यायचा, महाग पडायचा आणि कचराकुंडीशी त्याचा काही संबंध नव्हता. तो संबंध जुळला २००१-०२च्या सुमारास, दक्षिणेत दोन ठिकाणी. बंगळूरमध्ये पिशव्यांच्या धंद्यातल्याच मंडळींनी प्लास्टिकची पूड तापलेल्या डांबरात घोळली. ही ओली पद्धत. मदुराईत अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी क्रम उलटा केला : आधी खडीवर प्लास्टिक, मग डांबर. ही कोरडी पद्धत.

कोरडी पद्धत एकदा जवळून पाहावी. १६०-१७० अंशांवर तापलेल्या खडीवर दोन-चार मिलिमीटरचे तुकडे पडतात आणि अर्ध्या मिनिटात नाहीसे होतात. थंड झाल्यावर खडा हातात घेतला तर कुणी त्याला वॉर्निश मारलंय असं वाटतं. पावसाळ्यात खड्डा पडतो त्याचं एक मोठं कारण म्हणजे पाणी शिरून दगडावरून डांबर सुटतं. इथे दगड आणि डांबर यांच्या मध्ये हा पापुद्रा असतो. असा माल ७२ तास पाण्यात ठेवून डांबर सुटतं का ते बघतात. शिवाय वेगळं यंत्र लागत नाही, आहे त्याच प्लांटवर काम होतं. ओली पद्धत मागे पडली ती मुख्यतः यामुळे. चेन्नईतला एक रस्ता २००२ मध्ये असा झाला, तमिळनाडूतल्या अशा रस्त्यांची पाहणी होऊन २००८ मध्ये केंद्रीय पातळीवरचा अनुकूल अहवाल आला आणि २०१३ मध्ये मार्गदर्शिका. तिच्या नावातच दोन मर्यादा आहेत : कोरडी पद्धत, आणि फक्त वरचा झिजणारा थर. पीव्हीसीला सक्त मनाई, कारण ते तापलं की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सोडतं.

इथवर सगळं ऐच्छिक होतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्राच्या रस्ते खात्याने ते सक्तीचं केलं. पाच लाखांहून जास्त लोकवस्तीच्या शहरांभोवती पन्नास किलोमीटरच्या पट्ट्यात डांबरी थरात टाकाऊ प्लास्टिक घालायचंच. मिळत नसेल तर नुसत्या डांबराचं काम करण्याआधी खात्याची परवानगी घ्यायची. कागदावर तर्क सरळ होता. कचरा मोठ्या शहरात, रस्ते शहराबाहेर, आणि पन्नास किलोमीटरपर्यंत वाहतूक परवडते.

माझ्या मते गडबड इथेच झाली. सक्ती रस्ता बांधणाऱ्यावर, आणि माल दुसऱ्याच्या ताब्यात. शहरातला कचरा महापालिकेचा, वेचणारे असंघटित, भाव भंगारवाल्याचा. कंत्राटदाराला हवं निवडलेलं, धुतलेलं, सुकवलेलं आणि कातरलेलं प्लास्टिक. ओलं प्लास्टिक गरम खडीवर पडलं तर आधी वाफ होते आणि खडीचं तापमान उतरतं, मग तुकडे नीट पसरत नाहीत. पीव्हीसी नजरेने ओळखून काढणं हे तर सवयीच्या हातांचंच काम. हे सगळं कुणी करायचं, कोणत्या दरात, हे आधी ठरायला हवं होतं. आदेश आधी निघाला. परवानगीची पळवाट त्यात सुरुवातीपासून होतीच.

आणि प्लास्टिक तरी कुठलं? दुधाच्या पिशव्या आमच्याकडे धुऊन ओट्यामागच्या फरशीला चिकटवून वाळवतात, कारण भंगारात त्यांना भाव आहे. त्या रस्त्यापर्यंत पोचतच नाहीत. उरतात त्या पातळ कॅरीबॅगा आणि वेफर्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं. पिशव्यांसाठी रस्त्याच्या सूचनांमध्ये कमाल जाडी आहे ६० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्याहून जाड असेल तर नीट वितळत नाही. कचऱ्याच्या नियमांत पिशवीची किमान जाडी आहे, आणि ती चढत गेली : देशभरात १९९९ मध्ये २० मायक्रॉन, २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, सप्टेंबर २०२१ अखेर ७५, २०२२ अखेर १२०. महाराष्ट्राने २६ जुलै २००५ च्या पुरात तुंबलेली गटारं पाहून २००६ मध्येच ५० गाठली होती, आणि २०१८ मध्ये सरसकट बंदीच आणली. म्हणजे एका खात्याला साठच्या आतली पिशवी हवी, तर दुसऱ्याच्या नियमानुसार २०२१ नंतर तशी पिशवी बाजारात असताच कामा नये. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर. पाकिटांना पिशवीच्या जाडीची अट लागू नाही, म्हणून कच्चा माल अजून संपलेला नाही एवढंच.

फेब्रुवारी २०२२ मध्ये प्लास्टिक वेष्टनांच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम आले तेव्हा रस्त्याला रांगेत शेवटची जागा मिळाली : ज्याचा पुनर्वापर होऊच शकत नाही तेवढंच प्लास्टिक रस्त्यात, सिमेंटच्या भट्टीत किंवा ऊर्जेसाठी. २०१५ चा सूर हा नव्हता.

प्रत्यक्षात किती झालं? जुलै २०२१ मध्ये संसदेत दिलेल्या उत्तरात टाकाऊ प्लास्टिक वापरलेले राष्ट्रीय महामार्ग ७०३ किलोमीटर होते. तेव्हा देशातल्या राष्ट्रीय महामार्गांची लांबी सव्वा लाख किलोमीटरच्या वर होती. रायगड जिल्ह्यात नागोठण्याच्या एका पेट्रोकेमिकल कारखान्याने स्वतःच्या आवारात सुमारे ४० किलोमीटर रस्ते असे करून ५० टन प्लास्टिक वापरलं. तिथे कचरा, प्लांट आणि रस्ता एकाच मालकाच्या हातात होता.

सध्याचा वाद सूक्ष्म प्लास्टिकचा आहे : झिजलेला थर पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यात जातो का. त्याहून मला खरवडीचा प्रश्न जवळचा वाटतो. वरचा थर काही वर्षांनी खरवडून तोच माल पुन्हा तापवून वापरतात. २०१५ नंतरचे पहिले रस्ते आता त्या टप्प्यावर आहेत. तापवण्याआधी आत काय आहे ते कळायला हवं. मी पाहिलेल्या मोजमाप पुस्तिकांत नोंद असायची ‘टाकाऊ प्लास्टिक, इतके किलो’. पिशवी होती की पाकीट, ते लिहिलेलं नसायचं.