उरलेले तेवीस तास

हाजी अलीची पुनर्वसन संस्था असो की परळचं वाडिया रुग्णालय, सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा होऊन शरीराच्या हालचाली अवघड होणं) असलेल्या मुलाला कडेवर घेऊन लोकलच्या गर्दीतून तिथे पोचायचं म्हणजे आईबापांचा अख्खा दिवस जातो. हाती लागतो जेमतेम तासभराचा व्यायाम. उरलेले तेवीस तास मूल घरी कसं बसतं, कसं झोपतं, यावर त्याच्या हाडांचा आकार ठरत असतो, आणि हे पालकांना पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

सेरेब्रल पाल्सीत मेंदूची इजा वाढत नाही, पण मूल वाढतं. हाडं लांब होतात, ताठर स्नायू मागे पडतात. मांड्या आत ओढल्या जाऊन पायांची कात्री होते. सगळ्यात मोठा धोका खुब्याला. लहानपणी खुब्याची खोबण उथळ असते. मूल उभं राहतं, चालतं, तेव्हा मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात दाबून बसतो आणि ती खोल होते. जे मूल उभंच राहत नाही, त्याचा गोळा हळूहळू बाहेर सरकतो. या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांत असं होतं. बसायलाही पूर्ण आधार लागणाऱ्यांत तर सुमारे 90 टक्क्यांत. सुरुवातीला दुखत नाही, त्यामुळे ते वेळेत कळायला ठरावीक काळाने एक्स-रे काढणं हाच उपाय. स्वीडनमध्ये 1994 पासून अशी नियमित तपासणी सुरू झाली, वेळीच उपचार होऊ लागले आणि खुबा पूर्ण निखळण्याचं प्रमाण खूपच घटलं.

घरात काय करायचं? बसवताना आधी कंबर बघा. ती एका बाजूला कलली की पाठ वाकते, मान लटकते. कंबर सरळ, पावलं अधांतरी न ठेवता पाटावर टेकलेली, समोर कोपराच्या उंचीचं टेबल. एवढ्याने हात मोकळे होतात आणि मूल वरणभाताकडे स्वतः हात नेतं. आडवं ठेवून भरवू नका, घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. झोपेत दोन्ही गुडघे रोज एकाच बाजूला पडत असतील तर मध्ये टॉवेलची गुंडाळी ठेवता येते, पण थेरपिस्टने दाखवल्यावरच. पाय जबरदस्तीने बांधू नयेत, चेहऱ्याजवळ सैल उशी नको.

लहान मुलाला दोन्ही पाय फाकवून कडेवर घेण्याची आजीची रीत इथे चांगलीच. पुढच्या भेटीत मात्र डॉक्टरांना विचारा, खुब्याचा एक्स-रे कधी काढायचा.