एरर शून्य, म्हणजे मायग्रेशन झालं?

सीमेन्सच्या एस७-३०० या जुन्या पीएलसीवरून (मशीन चालवणारा कंट्रोलर) नव्या एस७-१५०० वर जाताना हमखास ऐकू येतं: टीआयए पोर्टल या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरमध्ये जुना प्रोजेक्ट मायग्रेट करा, एरर शून्य आल्या की मशीन चालू. तसं नाही. कंपायलर कोड तपासतो, मशीनची वागणूक नाही.

एस७-३०० मध्ये ओबी ८६ (स्टेशन पडल्यावर चालणारा प्रोग्राम ब्लॉक) टाकलेला नसेल आणि प्रोफिबस या मशीनच्या नेटवर्कवरचं एखादं स्टेशन पडलं, तर सीपीयू थेट स्टॉपमध्ये जातो. एस७-१५०० त्याच परिस्थितीत रनमध्येच राहतो! म्हणजे त्या स्टॉपच्या भरवशावर लाइन थांबत असेल, तर आता ती थांबणार नाही. ते लॉजिक हाताने लिहावं लागतं.

स्कॅन (प्रोग्रामच्या फेऱ्या) मोजून डिले देण्याची जुनी खोडही इथेच अंगाशी येते. नवा सीपीयू वेगवान, डिले आखडतो. एसटीएल (ओळीनं सूचना लिहायची जुनी भाषा) मात्र १५०० वर चालतं. सगळं लॅडर या आकृतीच्या भाषेमध्ये उतरवत बसू नका.