रक्तातलं अमिनो ॲसिड आणि ताटातलं प्रोटीन

‘रक्तात अमुक अमिनो ॲसिड जास्त असलेल्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त दिसलं’ अशी बातमी आली, की पुढचं वाक्य वाचणारी स्वतःच जोडून टाकते: म्हणजे ते ज्यात असतं ते खायचं नाही. अमिनो ॲसिड म्हणजे प्रोटीन ज्यांपासून बनतं ते घटक, म्हणून मग उसळ कमी होते, अंडं बंद होतं, पनीरकडे संशयाने पाहिलं जातं. पण बातमी रक्ताबद्दल होती आणि निर्णय झाला ताटाबद्दल. या दोन गोष्टींचं नातं वाटतं तितकं जवळचं नाही.

आधी साधा हिशेब बघू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. म्हणजे ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम. तेवढंही आपल्याकडे अनेकींच्या पोटात जात नाही, ते असो. पण शरीर स्वतःचं प्रोटीन रोज मोडत आणि पुन्हा बांधत असतं, आणि ही उलाढाल मोठ्या माणसात दिवसाला अडीचशे-तीनशे ग्रॅमच्या घरात जाते. तिच्यापुढे जेवणातून आलेलं प्रोटीन थोडंच. त्यात अशा अभ्यासांत रक्त बरेचदा सकाळी उपाशीपोटी घेतात. त्या वेळी रक्तात फिरणारी अमिनो ॲसिड प्रामुख्याने स्नायूंतून सुटलेली असतात. रात्रीच्या वरणाचा त्यात फारसा वाटा उरलेला नसतो. खात्यातली शिल्लक बघून कुणाचा पगार सांगता येत नाही, तसंच हे. शिल्लक किती, हे खर्चावरही ठरतं.

बीसीएए म्हणजे ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन या तीन अमिनो ॲसिडांचा गट. जिमवाल्यांच्या डब्यांमुळे हे नाव घराघरात पोचलं आहे. ही तिन्ही शरीराला बनवता येत नाहीत, अन्नातूनच यावी लागतात. त्यामुळे ‘रक्तात जास्त म्हणजे खाण्यात जास्त’ हा अंदाज इथे तरी बरोबर ठरायला हवा होता. पण आहारातलं बीसीएए आणि उपाशीपोटीच्या रक्तातलं बीसीएए यांचा मेळ अभ्यासांमध्ये अगदी क्षीण निघतो. कारण खर्चाच्या बाजूला आहे. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं, की स्नायूंचं मोडणं नीट आवरलं जात नाही आणि चरबीच्या पेशी बीसीएए जाळण्यात ढिल्या पडतात. आवक तीच राहिली तरी शिल्लक वाढते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात २०११ मध्ये दिसलं, की ही तीन आणि सोबत टायरोसीन व फेनिलॲलनीन ज्यांच्या रक्तात जास्त होती, त्यांच्यात पुढच्या बारा वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण जास्त होतं. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली, की हीच पातळी उतरते.

स्तनाच्या कर्करोगाकडे या पार्श्वभूमीवर पाहायला हवं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या दोन मोठ्या अभ्यासांतलं बायकांचं साठवलेलं रक्त तपासून एक निष्कर्ष छापला गेला. पहिल्या गटात बहुतेकींची पाळी रक्त देताना चालू होती. तिथे बीसीएए जास्त असणाऱ्यांचा धोका कमीकडे झुकलेला होता. दुसऱ्या गटात बहुतेकींची पाळी गेलेली होती. तिथे, विशेषतः रक्त दिल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत, कल जास्तीकडे होता. त्याच तीन अमिनो ॲसिडांसाठी दिशा उलटी! कर्करोगाला कारण डाळीतलं ल्युसीन असतं, तर त्याने बाईचं वय विचारून वागायचं काही कारण नव्हतं.

वजनाचंही असंच आहे, आणि ते जुन्या, पक्क्या माहितीतलं आहे. पाळी चालू असताना जास्त वजन असलेल्यांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण काहीसं कमी दिसतं. पाळी गेल्यावर तेच वजन धोका वाढवतं, कारण बीजांडकोश थांबल्यावर या कर्करोगाला पोसणारं इस्ट्रोजेन हार्मोन चरबीच्या पेशींत तयार होत राहतं. संशोधक आकडेमोडीत वजन धरतात हे खरं, पण उंची-वजनाच्या एका आकड्यात पोटाचा घेर, इन्सुलिन, हार्मोन हे सगळं मावत नाही. माझं मत असं, की या अभ्यासांतलं बीसीएए हे बरंचसं शरीराच्या चयापचयाची खबर देणारं आहे. खबर देणाऱ्याला आरोपी करण्याची घाई नको.

आणि खबरही दरवेळी सारखी येत नाही. फ्रान्समधल्या एका दीर्घ अभ्यासात व्हॅलीन, लायसीन, आर्जिनीन आणि ग्लुटामीन ही अमिनो ॲसिड रक्तात जास्त असलेल्या स्त्रियांमध्ये पुढे स्तनाचा कर्करोग जास्त आढळला. २०१९ मध्ये युरोपातल्या दहा देशांच्या ‘एपिक’ अभ्यासातून १,६२४ रुग्ण स्त्रिया आणि तेवढ्याच निरोगी स्त्रियांची तुलना छापली गेली. तिथे हार्मोनची औषधं न घेणाऱ्यांमध्ये आर्जिनीन जास्त असलेल्यांचा धोका कमी निघाला. शेंगदाण्यात आर्जिनीन भरपूर असतं. आता पहिली बातमी वाचून कूट बंद करायचं आणि दुसरी वाचून पुन्हा चालू करायचं का?

सगळ्यात मोठा घोळ मात्र ॲस्परॅजीन या अमिनो ॲसिडचा झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये उंदरांवरचा एक अभ्यास आला. केंब्रिजमधल्या चमूने स्तनाच्या कर्करोगाचा एक आक्रमक प्रकार उंदरांत वाढवला आणि ॲस्परॅजीन तीन प्रकारे कमी केलं: ते बनवणारं जनुक दाबून, ते तोडणारं औषध देऊन आणि खाद्यातून काढून. मूळ गाठ वाढायची ती वाढली, पण फुप्फुसांत पसरण्याचं प्रमाण घटलं. वर्तमानपत्रांनी ॲस्परॅगसचे फोटो छापले. या अमिनो ॲसिडला नाव त्या भाजीवरून मिळालं, कारण १८०६ मध्ये फ्रान्समध्ये ते पहिल्यांदा तिच्या रसातून वेगळं केलं गेलं. पण ते अंड्यात, दुधात, मासळीत, बटाट्यात, कडधान्यांतही असतं. आणि तुम्ही हे सगळं सोडलं तरी शरीर ते स्वतः तयार करतं. उंदराला मिळालेलं खाद्य प्रयोगशाळेत एकेक अमिनो ॲसिड मोजून बनवलेलं होतं. आपल्या स्वयंपाकघरात ‘ॲस्परॅजीन वगळून’ असा स्वयंपाक होऊच शकत नाही.

गंमत अशी, की वर सांगितलेल्या एपिक अभ्यासात, हार्मोनची औषधं न घेणाऱ्यांपैकी, रक्तात ॲस्परॅजीन जास्त असलेल्या बायकांचा कर्करोगाचा धोका कमी होता. वरवर पाहता हे उंदरांच्या अगदी उलट. पण इथे विरोध नाही, प्रश्नच दोन आहेत. एपिकने विचारलं, निरोगी बाईला पुढे कर्करोग होईल का? उंदरांच्या प्रयोगाने विचारलं, झालेला कर्करोग पसरेल का? बातमीच्या मथळ्यात दोन्हींना ‘कर्करोगाचा धोका’ एवढंच म्हटलं जातं, आणि गल्लत तिथेच होते. ज्या बाईचे उपचार चालू आहेत तिने हे वाचून प्रोटीन तोडलं, तर नुकसान तिचंच. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेची कर्करुग्णांसाठीची शिफारस दर किलोमागे १ ते १.५ ग्रॅमची, म्हणजे निरोगी बाईपेक्षा जास्तच आहे. ॲस्परॅजीन तोडणारं औषध खरोखर वापरात आहे, पण ते रक्ताच्या एका कर्करोगात, मुख्यतः मुलांना. तिथल्या रोगट पेशींना ते स्वतःला पुरेसं बनवता येत नाही. तरीही औषध डॉक्टर शिरेतून किंवा स्नायूत टोचून देतात, बटाटे बंद करून नाही.

जपानमध्ये २०११ पासून रक्तातल्या अमिनो ॲसिडवरून कर्करोगाची शक्यता सांगणारी एक व्यावसायिक तपासणी मिळते. ती ए, बी, सी अशी श्रेणी देते, आणि सी आली की पुढच्या तपासण्या करायला सांगतात. तिचा रोख ‘आज शरीरात कर्करोग आहे का’ यावर आहे. गाठ असताना रक्तातलं अमिनो ॲसिडचं गणित बदलतं, त्याचा ती फायदा घेते. दहा वर्षांनी काय होईल, हे सांगणं हे तिचं काम नाही.

आपल्याकडच्या लॅबमध्ये ‘अमिनो ॲसिड प्रोफाइल’ नावाची तपासणी मिळते. ती मुख्यतः बालरोगतज्ज्ञांसाठी असते. एखाद्या तान्ह्या बाळाला बीसीएए तोडणारं एन्झाइमच जन्मतः नीट काम करत नसेल, तर तिथे पातळी नेहमीच्या कित्येक पट चढते आणि तो आजार पकडायला हा रिपोर्ट लागतो. त्यातली ‘नॉर्मल रेंज’ निरोगी माणसांच्या पातळीवरून काढलेली असते. वरच्या अभ्यासांतल्या बायकांमधला फरक बहुतांशी त्या रेंजच्या आतलाच. तेव्हा चाळिशीतल्या बाईने पैसे भरून ही तपासणी केली आणि व्हॅलीनपुढे ‘एच’ (म्हणजे हाय, जास्त) उमटला नाही, तर त्यावरून तिच्या स्तनांबद्दल काहीच कळत नाही. उमटला तर आधी साखर तपासावी आणि टेप घेऊन कंबर मोजावी.