‘हूक. एफ.’ : वाळलेल्या तेरड्यामागचा माणूस

कासच्या पठारावर पावसाळ्याच्या शेवटी गुलाबी तेरड्याचा गालिचा पसरतो. त्या तेरड्याचे शास्त्रीय नाव इम्पेशन्स लॉई. नावापुढे ‘हूक. एफ.’ आणि थॉमसन अशी दोन कर्तृनामे, म्हणजे ते नाव देणाऱ्यांची नावे, येतात. त्यातला ‘एफ.’ हे कुणाच्या नावाचे आद्याक्षर नाही. तो लॅटिन ‘फिलिअस’, म्हणजे मुलगा. नुसते ‘हूक.’ लिहिले की वडील विल्यम, आणि ‘हूक. एफ.’ लिहिले की मुलगा, वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ डाल्टन हूकर. नमुन्याच्या चिठ्ठीवर हा ‘एफ.’ गाळला तर मुलाचे काम बापाच्या खात्यावर जमा होते, आणि ही चूक आजही सर्रास होते. सह्याद्रीत हूकर यांनी कधी झाडे गोळा केली नाहीत. मुंबई इलाख्यातल्या अधिकाऱ्यांनी आणि डॉक्टरांनी वाळवून पाठवलेल्या फांद्या लंडनजवळच्या क्यू उद्यानात पोचल्या आणि तिथे त्यांना नावे मिळाली. जाती कशी ठरवायची याचा पुढचा सगळा वाद या अंतरातून निघाला.

हूकर यांची अंटार्क्टिकची सफर (१८३९ ते १८४३) आणि हिमालयातली वर्षे (१८४८ ते १८५१) यांवर भरपूर लिहून झाले आहे. सिक्कीममध्ये १८४९ च्या अखेरीस त्यांना झालेली अटकही सगळ्यांना माहीत असते. कामाच्या दृष्टीने त्याहून बोलका आहे तो १८४८ सालच्या पूर्व नेपाळच्या वाटेवरचा तांडा. माणसे ५६. त्यांतले ७ हमाल मुख्यतः झाडे वाळवायचे कागद वाहत होते. झाडावर चढायला आणि कागद बदलायला ३ लेपचा (सिक्कीमकडची एक जमात) मुले वेगळी होती. नमुन्यातले पाणी कागदच शोषून घेतो, त्यामुळे पहिले चार-पाच दिवस तो रोज बदलावा लागतो. दमट हवेत ओला कागद उन्हात सुकत नाही, शेकोटीवर धरावा लागतो. एक दिवस चुकला की पाने काळी पडतात, दोन दिवस चुकले की बुरशी येते, आणि मांसल झाडाची पाने सांध्यातून गळून पडतात. ज्या हजारो शीट्सवर, म्हणजे वाळलेले नमुने चिकटवलेल्या कागदांवर, पुढे हूकर यांचे नाव उभे राहिले, त्यांतली कितीतरी या मुलांच्या हातांनी वाचवलेली आहेत. त्यांची नावे मात्र चिठ्ठ्यांवर नाहीत.

जिवंत रोपांची गत याहून वाईट होती. १८५० मध्ये खासी टेकड्यांवरून निळ्या वांडा ऑर्किडचे ७ माणसांचे ओझे क्यूसाठी काढले गेले. त्यातले फार थोडे इंग्लंडला जिवंत पोचले.

हूकर १८५५ मध्ये क्यूचे सहायक संचालक झाले आणि १८६५ ते १८८५ संचालक राहिले. डार्विन यांना घरची मिळकत होती, हूकर यांना नव्हती, पगारावर संसार होता. कपाटांतले नमुने लावणे, वसाहतींशी पत्रव्यवहार, उद्यान लोकांना सकाळी उघडायचे की दुपारीच यावरची भांडणे, शिवाय १८७० नंतर खात्याच्या मंत्र्याशी झालेला जाहीर झगडा, हे सगळे एकाच टेबलावर चाले. याच टेबलावर जातीची रेघ कुठे ओढायची, हेही ठरत होते.

इथे शब्दांचा गुंता आधी सोडवायला हवा. मराठी विश्वकोशाच्या वळणाने वनस्पतिशास्त्रात ‘प्रजाती’ हा मोठा गट आणि ‘जाती’ हा त्यातला छोटा. स्ट्रोबिलॅन्थस ही प्रजाती, कारवी ही तिच्यातली एक जाती. वर्तमानपत्रे हल्ली ‘प्रजाती’ हा शब्द नेमका जातीसाठी वापरतात. हूकर आणि त्यांचे सहकारी बेंथम यांच्या ‘जेनेरा प्लांटारम’ या प्रजातींच्या ग्रंथातही (१८६२ ते १८८३) असाच घोळ आहे. त्यात ज्याला ऑर्डर म्हटले आहे ते आजचे कुल (फॅमिली), आणि कोहॉर्ट म्हणजे आजचा गण (ऑर्डर). पदवीचे विद्यार्थी २०२ हा आकडा पाठ करतात, पण या २०२ ऑर्डर म्हणजे आजच्या हिशेबाने कुले, हे अनेकांना परीक्षा झाल्यावरही ठाऊक नसते. इथून पुढे ‘जाती’ म्हणजे सगळ्यात खालचा, नाव मिळणारा घटक.

हूकर यांचा नियम सोपा होता. दोन नमुने वेगळे दिसतात ना? मग जगभरातून आलेल्या शीट्स एका ओळीत मांडायच्या. मधल्या रूपांची साखळी सापडली की दोन्ही एकच जाती, आणि नंतरचे नाव पर्यायी नावांच्या यादीत. नियमाला आधारही होता. न्यूझीलंडच्या लान्सवूडची कोवळ्या वयातली पाने लांब, ताठ, खाली झुकलेली असतात आणि मोठेपणी आखूड, रुंद होतात. फक्त फांद्या हातात आल्या तर कुणीही दोन झाडे मोजील. एकच नेचा चार बेटांवर चार नावांनी नोंदला गेल्याची उदाहरणेही खरी होती.

पण डोंगरात राहणाऱ्या संकलकाचा पुरावा दुसरा होता. दोन रोपे एकाच ओढ्याकाठी, शेजारी शेजारी, वर्षानुवर्षे उगवतात आणि एकमेकांत मिसळत नाहीत, हे तो पाहत असे. हे निरीक्षण शीटवर चिकटत नाही. वास, रंग, फुलण्याचा महिना, खडकावर की मातीत, हे सगळे चिठ्ठीत लिहिले तरच क्यूला कळणार, आणि चिठ्ठीत बहुधा गावाचे नाव आणि तारीख एवढेच. न्यूझीलंडमधला एक मिशनरी मुद्रक वर्षानुवर्षे नमुने पाठवत होता आणि नव्या जाती सुचवत होता. हूकर यांनी १८५४ मध्ये त्याला कळवले की, तुमच्याजवळ हर्बेरियम (वाळलेल्या नमुन्यांचा संग्रह) नाही, म्हणून जगातले अगदी परिचित नेचे तुम्ही नवे म्हणून वर्णिले आहेत. नेच्यांबाबत हूकर बरोबर असतील. पण ज्याच्याकडे कपाट त्याचाच शब्द अखेरचा, हा कायदा त्या उत्तरात आहे आणि तो पटण्यासारखा नाही. मधली साखळी संकरातून आली, सावलीतल्या रोपामुळे दिसली की खरोखर एकाच जातीची आहे, हे वाळलेल्या फांदीवरून ठरवता येत नाही.

त्यात आणखी एक पेच होता. जाती बदलतात ही डार्विन यांची कल्पना हूकर यांना जानेवारी १८४४ च्या पत्रापासून ठाऊक होती. तरी १८५३ च्या न्यूझीलंडच्या फ्लोरात (प्रदेशातल्या वनस्पतींच्या वर्णनग्रंथात) त्यांनी जाती स्थिर धरून काम केले. १८५९ च्या टास्मानियाच्या फ्लोराच्या प्रस्तावनेत मात्र डार्विन यांची बाजू उघड घेतली. नियम तोच राहिला. जाती मोजायला कामचलाऊ रेघ लागते, सिद्धान्त काहीही असो, असा हा व्यवहार. ‘लंपर’ म्हणजे जातींचा गठ्ठा बांधणारे आणि ‘हेअर-स्प्लिटर’ म्हणजे केस चिरणारे, बारीक फरकावर वेगळी जाती मानणारे, दोन्ही असणे बरे, असे डार्विन यांनी त्यांना १८५७ मध्ये लिहिले. ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’चे ७ खंड (१८७२ ते १८९७) पूर्ण झाले याचे मोठे श्रेय गठ्ठा बांधण्याला आहे. १८५५ चा ‘फ्लोरा इंडिका’ फार तपशिलात गेला आणि एका खंडावर थांबला होता.

या वर्षांत घरी काय चालले होते, हे कामापासून वेगळे काढता येत नाही. पत्नी फ्रान्सिस ही डार्विन यांच्या गुरूची मुलगी. लग्न १८५१ मध्ये झाले. १८७३ मध्ये हूकर यांनी संपादित केलेल्या एका मोठ्या फ्रेंच वनस्पतिग्रंथाचे इंग्रजी भाषांतर तिचे. ६ वर्षांची मुलगी मिनी सप्टेंबर १८६३ मध्ये गेली. तिला पुरून आल्यावर हूकर यांनी डार्विन यांना पत्र लिहिले, कारण मूल गमावणे काय असते हे डार्विन जाणत होते. १८७४ मध्ये फ्रान्सिस अचानक गेली. तेव्हा ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते आणि घरात सहा मुले होती. १८७६ मध्ये दुसरे लग्न झाले.

निवृत्तीनंतर, आयुष्याच्या अखेरच्या दशकात, सनिंगडेलच्या घरी त्यांनी तेरड्याची प्रजाती हाती घेतली. वाळवण्यासाठी याहून वाईट झाड नाही. खोड पाण्याने भरलेले, फूल ओल्या कागदासारखे. एक पाकळी वर, बाकीच्या चार दोन जोड्यांत जुळलेल्या, आणि खालचे निदल (पाकळ्यांबाहेरचे दल) सोंडेसारखे वळलेले. प्रेसमध्ये सगळे एकमेकांना चिकटून तपकिरी डाग होतो. असे फूल गरम पाण्यात मऊ करून, सुईने एकेक भाग सोडवून, भिंगाखाली पसरावे लागते. जोर जास्त झाला की सोंड फाटते, आणि ओळख नेमकी सोंडेवर. नव्वदीतही हूकर हे करत होते.

आणि इथे गठ्ठा बांधता आला नाही. एका डोंगररांगेतले तेरडे दुसऱ्या रांगेत सापडेनात, मधल्या साखळ्या मिळेनात. आयुष्यभर जाती एकत्र करणाऱ्या माणसाने अखेरच्या वर्षांत एकेका खोऱ्यापुरत्या तेरड्यांना ढिगाने नवी नावे दिली. १० डिसेंबर १९११ रोजी ते गेले तेव्हाही हे काम चालूच होते. थोरांना पुरतात त्या लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीऐवजी क्यूच्या चर्चच्या आवारात, वडिलांजवळ त्यांना पुरले.

रेघ नंतरही हलत राहिली. ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’त कारवी स्ट्रोबिलॅन्थसमध्ये होती. १९४४ मध्ये एका डच अभ्यासकाने ती मोठी प्रजाती फोडली आणि कारवी ‘कार्व्हिया कॅलोसा’ झाली. महाराष्ट्रातल्या अनेक याद्यांत अजून तेच नाव आहे. अलीकडच्या अभ्यासाने ते तुकडे पुन्हा स्ट्रोबिलॅन्थसमध्ये जोडले. तेरड्यांसाठी आता संकलक जागेवरच एक फूल उघडून, प्रत्येक भाग वेगळा पसरून पातळ कागदात दाबतात, दुसरे फूल ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत टाकतात, आणि रंग, सोंडेची लांबी, खडक की माती हे चिठ्ठीवर तिथेच लिहितात.